तैमीमावशीचा नकार

तैमी रोंकोलाला सगळं हाउकीवारा गाव मावशी म्हणतं, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. मी हेली, फिरत्या वाचनालयाची गाडी चालवते. गुरुवारी आमची गाडी त्या गावात थांबते ती मावशीच्याच अंगणात, कारण एवढी लांब गाडी वळवायला तिथं दुसरी जागा नाही. नियमानं मी गाडीतच बसायला हवं. पण पुस्तकं न्यायला येणारी माणसं मोजकी, आणि तीही आधी मावशीच्या स्वयंपाकघरात डोकावणारी. मग मी एकटीनंच गाडीत बसून काय करायचं? मीही तिथंच बसते. पुस्तकं कुठं पळून जात नाहीत.

मावशीनं गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढला. वाटाण्याचं सूप, माशांचं कालवण, पुन्हा वाटाण्याचं सूप. पुढं मुलं कमी होत गेली आणि शाळा बंद पडली. आता ती इमारत उघडते ती कुणाच्या मयताच्या कॉफीला, नाहीतर मतदानाला. मावशीची किटली मात्र थंड झाली नाही. तरुणपणापासून ती पक्षाच्या गावशाखेत आहे. निवडणूक नगरपालिकेची असो, देशाची असो की युरोपच्या संसदेची, बाजारच्या चौकात पक्षाचा तंबू उभा राहिला की कॉफी मावशीची आणि पुल्लाही मावशीचा. पुल्ला म्हणजे आमचा वेलदोडे घातलेला गोड पाव. मावशीचा पुल्ला तोंडात असला की विरोधी पक्षाची माणसंसुद्धा वाद घालत नाहीत. शाखेचे अध्यक्ष आले नि गेले, किटली तीच राहिली.

मावशी ओतायची आणि उमेदवार हात हलवायचे, असं वर्षानुवर्षं चाललं. तिला त्याचं काही वाटत नसेल असं मी धरून चालले होते. मग मागच्या एका निवडणुकीत मी तिला रस्त्याकडेच्या फलकापाशी पाहिलं. सगळ्या उमेदवारांचे चेहरे चिकटवून झाले होते, एक चौकोन रिकामा होता, आणि हातात डिंकाचा ब्रश धरून मावशी त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत उभी होती. मला पाहून म्हणाली की डिंक वाळतोय का ते बघतेय. मला तेव्हाच कळलं. एकदा, फक्त एकदा, तिथं आपला चेहरा असावा असं तिला फार वाटत होतं, आणि हे ती मेली तरी कुणाला सांगणार नव्हती.

आता अनेलीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय मावशीची गोष्ट होतच नाही. अनेली कोस्केला म्हणजे मावशीची शेजारीण. दोघी एकाच वर्गात शिकल्या. अनेलीचा नवरा वारून बरीच वर्षं झाली. तिच्या खिडकीतून तळं अख्खं दिसतं, मावशीच्या खिडकीतून अर्धं. तिच्या परसात वसंतातली पहिली भाजी आठवडाभर आधी वर येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मावशीचा नवरा टाउनो तिची थंडीची लाकडं फोडून देतो. टाउनो असा माणूस की त्याला शब्द रेशनवर मिळत असावेत. तो काही न बोलता तिकडं जातो, लाकडं फोडतो, रचतो, काही न बोलता परत येतो. मावशीनं मला एकदा खिडकीशी नेऊन दोन्ही ढीग दाखवले आणि विचारलं की तिचा जास्त सरळ रचलाय की नाही, खरं सांग. मला दोन्ही सारखेच दिसले. पण नावडतीचं मीठ अळणी, तसं नावडतीचं लाकूड सरळ.

फेब्रुवारीतली गोष्ट. मी स्वयंपाकघरात बसले होते, टाउनो कोपऱ्यात जाळं दुरुस्त करत होता, आणि फोन वाजला. मावशीला कमी ऐकू येतं म्हणून ती फोनचा आवाज मोठा ठेवते, त्यामुळं पलीकडचं सगळं खोलीभर ऐकू येत होतं. पक्षाच्या जिल्हा कार्यालयातून सेन्नी नावाची मुलगी बोलत होती. नवीन होती, मूळची दक्षिणेकडची, बोलण्यात हेलसिंकीची घाई. जूनमध्ये युरोपच्या संसदेची निवडणूक होती. पक्षाची यादी साऱ्या देशासाठी एकच असते आणि तिच्यात पूर्वेकडची एकही बाई नव्हती. निवडून येणारे आधीच ठरल्यासारखे असतात, हे तिनंही लपवलं नाही. बाकीच्यांनी आपापल्या भागातली मतं ओढून आणायची. पण फलक मात्र देशभर लागतात, दक्षिणेच्या बंदरापासून लॅपलंडच्या शेवटच्या गावापर्यंत. तर तैमीबाई उभ्या राहतील का?

मावशीचे कान लाल झाले. तिनं एप्रनला हात पुसले, खरं तर ते कोरडेच होते.

"छे, मी कसली युरोपला जाते," ती म्हणाली. "माझ्याहून लायक माणसं पुष्कळ आहेत."

आमच्या भागात कॉफीचं टेबल मांडून झालं की यजमानीण सगळ्यांना बोलावते. कुणी उठत नाही. ती पुन्हा बोलावते. लोक एकमेकांकडं बघतात, तू आधी, तू आधी. तिसऱ्यांदा बोलावल्यावर त्यातलं सगळ्यात म्हातारं माणूस गुडघ्यावर हात देऊन उठतं आणि मग बाकीचे. पहिल्या हाकेला जो उठतो त्याची गोष्ट त्याच्या मयतापर्यंत सांगितली जाते. मावशी याच रीतीत वाढलेली. पहिला नकार हा नकार नसतोच. तो नुसता घसा खाकरणं असतो.

"बरं," सेन्नी म्हणाली. "समजू शकते मी. मग तुम्ही कुणाचं नाव सुचवाल?"

दुसऱ्यांदा विचारणं आलंच नाही. पण हीसुद्धा रीतच आहे. आपल्याहून उघड उघड कमी अशा कुणाचं तरी नाव घ्यायचं, म्हणजे समोरचा म्हणतो, छे छे, ती कशाला, तुम्हीच हव्यात. मावशीनं माझ्याकडं पाहून डोळे बारीक केले आणि म्हणाली, "शेजारी अनेली आहे की. अनेली कोस्केला."

"उत्तम. त्यांचा नंबर देता?"

आणि मावशीनं दिला. न देऊन करते काय? फोन बंद झाला. आम्ही दोघी खिडकीकडं वळलो. अंगणापलीकडं अनेलीच्या स्वयंपाकघरात दिवा होता. ती फोन कानाला लावून उभी राहिलेली दिसली. मग तिची मान हलली. वर-खाली, वर-खाली. फोन नीट कानाला लागलासुद्धा नसेल, तेवढ्यात हो म्हणून मोकळी झाली बाई.

"एकदाच विचारलं तिनं," मावशी म्हणाली. बराच वेळ तेच म्हणत राहिली.

तिथून पुढं तो वसंत मावशीला भाजून काढत होता. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे ती कुणाला सांगू शकत नव्हती. सांगावं तर कबूल करावं लागणार की हवं होतं. गावात सगळ्यांना वाटत होतं की पक्षानं थेट अनेलीलाच निवडलं. माझ्यापाशी मात्र ती मोकळी व्हायची. अनेलीला युरोपातलं काय कळतं? ती तर साधी स्वीडनला गेली ती जहाजावर नाचायला. गावशाखेच्या सभेला यायची ती पुल्ला खायला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

गावातले फलक चिकटवायचं काम अर्थात मावशीचंच. अनेलीचा चेहरा आला, हिरवा कोट, केस नीट बसवलेले, खाली मोठा ८७ आकडा. मावशीनं तो चिकटवला. कसा कोण जाणे, नाकावर एक सुरकुती राहिली. मी ती दाखवल्यावर म्हणाली की कागदच हलका आहे, आणि तसंही तिच्या नाकाचा काही भरवसा नाही.

बाजारच्या चौकात तंबू लागला. अनेली पुढं उभी राहून लोकांशी हात मिळवायची, मावशी मागं कॉफी ओतायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. लोक कप घेताना म्हणायचे, बरं झालं आपल्यातली एक बाई उभी राहिली. मावशी म्हणायची, "हो ना, साखर घ्या." एक म्हातारा तर म्हणाला की अनेलीची कॉफी फक्कड झालीय. त्या दिवशी मावशीनं मला फोन केला आणि आधी त्या म्हाताऱ्याला नावं ठेवली. मग म्हणाली, "माझी कॉफी, हेली. माझ्या किटलीतली. आणि तिचं नाव."

अनेली हेलसिंकीला चर्चेला जाऊन आली आणि तिकडच्या माणसांची पहिली नावं घेऊन बोलू लागली. रेडिओवर तिला हाउकीवाऱ्याबद्दल विचारलं तेव्हा शाळेच्या वाटाण्याच्या सुपाबद्दल बोलली. ते सूप कोण करायचं हे सांगायला विसरली. मावशीनं रेडिओ बंद केला. टाउनोनं तो पुन्हा लावला, कारण पुढं हवामान असतं.

अनेली निवडून येणार नाही हे दगडालाही ठाऊक होतं. मावशीचं लक्ष तिकडं नव्हतंच. आमच्याकडं मतदान झालं की प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते दुसऱ्या दिवशी कुणीही पाहू शकतं. आपल्या गावानं आपल्याला काय दिलं ते उघड होतं. मावशीचा जीव त्यात अडकला होता. गावानं अनेलीला भरभरून मतं दिली, तर ती आपली मतं होती, आपण एकदा कमी नकार दिला असता तर आपल्याला पडली असती, असं तिचं गणित. आणि गावानं नाही दिली, तर निदान गावाला माणूस ओळखता येतं असं म्हणता आलं असतं. दुसरं व्हावं म्हणून ती देवाला काही म्हणाली असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. मत्सर पाण्यातले मासेसुद्धा नेतो, अशी आमच्याकडं म्हण आहे. त्या वसंतात टाउनोच्या जाळ्यात खरंच काही येत नव्हतं.

मतदानाच्या रविवारी मी शहरात माझं मत देऊन मावशीकडं गेले. झेंडे लागले होते. मत देऊन आलं की चांगल्या कपड्यांतच कॉफी प्यायची असते, आणि हाउकीवाऱ्यात ती मावशीच्या अंगणातच. शाळेतून एकेक जण येत होता, अनेलीपाशी थांबत होता आणि मान हलवून सांगत होता की दिलं बरं का. अनेली हिरव्या कोटात घामाघूम झाली होती, पण तो काढत नव्हती. मावशी मला लाकडाच्या छपरामागं घेऊन गेली.

"मी त्या स्कीवाल्याला दिलं," ती कुजबुजली. पक्षाच्या यादीत उत्तरेकडचा एक निवृत्त स्की खेळाडू होता. "निदान त्याचे दात तरी चांगले आहेत. माझा हातच गेला नाही गं तिचा आकडा लिहायला. पेन्सिल धरली आणि म्हटलं, सगळं गाव देतंय, माझं एक नसलं तर काय बिघडलं?"

सगळं गाव देतंय, असं सगळ्या गावालाच वाटत होतं. हे सोमवारी सकाळी कळलं. आसपासच्या जिल्ह्यांत काहीशे अनोळखी माणसांनी अनेलीला मत दिलं होतं. हाउकीवाऱ्याच्या शाळेत तिला एक मत पडलं होतं.

मावशीचा फोन सकाळीच आला. आवाज असा की जणू तीच निवडून आलीय. एक, ती म्हणाली. आणि तेही स्वतःचंच असणार, आणखी कुणाचं? दुकानात लोक तोंडावर हात धरून हसताहेत. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण फोन ठेवल्यावर मला त्या हिरव्या कोटाची आठवण झाली आणि हसू राहिलं नाही.

गुरुवारी मी गाडी वळवून इंजिन बंद करते तोच अनेली पायऱ्या चढून आत आली. पुस्तक घ्यायला नव्हती आली. कुणाशी तरी बोलायचं होतं आणि मी गावातली नाही, म्हणून मी. ती म्हणाली की लोकांना वाटतंय ते मत तिचं स्वतःचं आहे. तसं नाही. मतपत्रिका पुढ्यात ठेवून ती कितीतरी वेळ बसली आणि स्वतःचा आकडा तिच्यानं लिहवला नाही. आपल्याच घरच्या जेवणात केकचा पहिला तुकडा आपणच उचलावा तसं वाटलं. शेवटी तिनं यादीतल्या एका पोरगेल्या मुलाला मत देऊन टाकलं.

"म्हणजे ते एक मत तैमीचं," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "मी सोमवारीच तिच्याकडं गेले आणि तिचे आभार मानले. ती काही बोलली नाही, नुसती कॉफी ओतली. कशी आहे बघ ती. मला त्या फोनवरच्या मुलीनं सांगितलं होतं की माझं नाव तैमीनंच दिलं. मी लगेच हो म्हटलं म्हणून गाव मला हसतं, ठाऊक आहे मला. पण तैमीला लोक तीन-तीनदा विचारतात गं. मला आजवर कुणी दुसऱ्यांदा विचारलेलं नाही. मी पहिल्याच हाकेला हो म्हणायला शिकले ती त्यामुळं."

मी तिला नवं आलेलं एक जाडजूड पुस्तक दिलं. तिनं ते छातीशी धरलं आणि जाता जाता सांगितलं की तैमीबद्दल तिनं पेपरवाल्यालाही फोन करून कळवलंय, आणि तो मंगळवारी फोटो काढून गेला.

मी स्वयंपाकघरात गेले. टाउनो टेबलाशी चष्मा लावून स्थानिक पेपर वाचत होता. मंगळवारी तो दिवसभर तळ्यावर होता, पेपरवाला येऊन गेलेला त्याला माहीतच नव्हतं. मावशी चुलीशी पाठ करून उभी होती, आणि पाठसुद्धा खुशीत असू शकते हे मी त्या दिवशी पाहिलं. पेपरचं अर्धं पान भरून तिचा फोटो होता. चांगला ब्लाऊज, हातात किटली. खाली मोठ्या अक्षरांत: गाव विसरलं, शेजारीण विसरली नाही. तुम्ही मत का दिलंत, असं पेपरवाल्यानं विचारलं होतं आणि मावशीनं सांगितलं होतं की शेजारधर्म म्हणून काही असतो.

"बघितलंस?" ती मला म्हणाली. "अनेलीच्या फलकापेक्षा मोठा आलाय." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "मी काही सांगायला गेले नव्हते. तीच तसं धरून चालली. त्यानंही दोन-तीनदा आग्रह केला, तेव्हा कुठं मी फोटोला उभी राहिले."

टाउनोनं बातमी शेवटपर्यंत वाचली. मग पुन्हा वरपासून वाचली. चष्मा काढला आणि घडी करून पेपरावर ठेवला.

"तूही तिलाच दिलंस होय?" तो म्हणाला. "मग दोन पडायला हवी होती."

मावशी वळली. चुलीवर कॉफी उतू गेली तरी कुणी हललं नाही. खोटं उघडं पडलं म्हणून ती शरमेल असं मला वाटलं होतं. पण तिच्या गळ्यापासून वर जो रंग चढत गेला तो शरमेचा नव्हता. तो लाकडांच्या ढिगाकडं बघताना चढायचा तोच होता.

"तू तिला दिलंस?" ती म्हणाली. "तिला? का?"

टाउनोनं विचार केला. आमच्याकडची माणसं करतात तसा, सावकाश.

"तुझं नाव यादीत नव्हतं," तो म्हणाला. "मग तू जिचं नाव सुचवलंस तिला दिलं."